आजारपणाची वर्गणी : देशोदेशीचा एक जुना हिशेब

मंडळाच्या स्मरणिकेसाठी आम्ही दरवर्षी एखादा ऐतिहासिक लेख लिहून देतो आणि सुज्ञ वाचक तो गोड मानून घेतात. आजवर किल्ले, कुलदैवते, शिलालेख हे विषय झाले. यंदाचा विषय मात्र आम्ही शोधलेला नाही. गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेतून तो आपण होऊन आमच्यापुढे आला. आपल्या आजार साहाय्य निधीसंबंधी त्या सभेत एक सूचना मांडण्यात आली होती. साठी उलटलेल्या ज्ञातिबांधवांस निधीचे नवे सभासदत्व देऊ नये, ज्यांस मधुमेह, मूत्रपिंड वा हृदय यांचा विकार पूर्वीपासून आहे त्यांस वगळावे, आणि जुन्या वृद्ध सभासदांस मिळणारे साहाय्य निम्म्यावर आणावे, असा तिचा आशय होता. सूचना मांडणारे तरुण उच्चविद्याविभूषित आहेत. त्यांपैकी दोघे तर आमचेच विद्यार्थी. त्यांनी हिशेबाचा तक्ता करून आणला होता, आणि त्यातील बेरजा अचूक होत्या हे पाहून शिक्षक या नात्याने आम्हांस समाधानच वाटले. वर्षाच्या वर्गणीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम तिघा आजाऱ्यांवर खर्ची पडली व ते तिघेही साठीच्या पुढचे होते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सूचना पुढील सभेपर्यंत तहकूब राहिली आहे.

आम्ही नऊ वर्षे या निधीचे खजिनदार होतो, आणि आता स्वतः साठीच्या पलीकडे आहोत. तेव्हा निःपक्षपातीपणाचा आव आम्ही आणीत नाही. परंतु सभेनंतर पुस्तके चाळीत असता आमच्या ध्यानात आले की, वृद्ध व रोगी माणसांचे काय करावयाचे हा प्रश्न आपल्यापूर्वी अनेक देशांतील अशाच मंडळांपुढे पडला होता. त्यांनी काय केले व त्याचे फळ काय मिळाले, हे इतिहासात नमूद आहे.

निरोगीपणी थोडे थोडे जमा करावे आणि जो आजारी पडेल त्यास द्यावे, ही युक्ती कोणा सरकारने काढलेली नव्हे. जर्मनीतील खाणकामगार मध्ययुगापासून आपापसात अशी वर्गणी जमा करीत असत, आणि कारागिरांच्या संघांतही तीच चाल होती. चॅन्सेलर बिस्मार्क याने १८८३ साली आजारविम्याचा कायदा केला, तेव्हा त्याने या जुन्या निधींनाच कायद्याचे अधिष्ठान दिले व नवे निधी त्यांच्या जोडीस उभे केले. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने व एक हिस्सा मालकाने भरावयाचा, आणि आजारी कामगारास औषधपाणी व तेरा आठवडेपर्यंत निम्मे वेतन मिळावयाचे, अशी योजना होती. बिस्मार्कच्या अंतःकरणात एकाएकी भूतदया उत्पन्न झाली होती असे कोणी समजू नये. समाजवादी पक्षावर त्याने १८७८ सालीच बंदी घातली होती, आणि कामगारास त्या पक्षापासून तोडून राज्याशी बांधून ठेवण्याचा हा दुसरा उपाय होता. हेतू राजकारणाचा, फळ मात्र लोकांच्या पदरी पडले. असे इतिहासात पुष्कळदा घडते.

या जर्मन निधींची पुढची हकीकत आमच्या विषयास विशेष लागू आहे. एका निधीत तरुण कारकून, दुसऱ्यात वृद्ध मजूर, अशी विषम वाटणी शंभर वर्षे राहिली. पहिल्याची वर्गणी हलकी, दुसऱ्याची भारी. अखेरीस १९९४ पासून असा नियम आला की, ज्या निधीत तरुण व धडधाकट सभासद अधिक, त्याने वृद्ध व रोगी सभासद असलेल्या निधींस भरपाई द्यावी. त्यानंतर १९९६ पासून बहुतेक नागरिकांस मन मानेल तो निधी निवडण्याची मुभा मिळाली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी भरपाई बांधली, मग निवड खुली केली. उलटे केले असते तर प्रत्येक निधी तरुणांच्या मागे धावला असता, आणि म्हाताऱ्यांस दार कोणी उघडले नसते.

उलटे केले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर इंग्लंडकडे वळावे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ‘फ्रेंडली सोसायटी’ या नावाची साहाय्यक मंडळे गावोगावी होती. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स ही त्यांतील मोठी नावे. सभासदांनी पट्टे घालून मिरवणुका काढाव्या, वार्षिक भोजने करावी, सभासदाच्या अंत्ययात्रेस सर्वांनी जावे, आणि आजारी सभासदास दर आठवड्यास रोख साहाय्य द्यावे. आपल्या मंडळाचा कार्यक्रम ज्यांस पाठ आहे त्यांस हे वर्णन ओळखीचे वाटेल. या मंडळांनी लक्षावधी श्रमिकांची लाज राखली, यात शंका नाही. परंतु त्यांतील बहुतेक मंडळे प्रवेश देताना प्रकृती पाहून घेत, वय पाहून घेत. शतकाच्या अखेरीस तर त्यांस एक नवीच चिंता पडली. सभासद अधिक वर्षे जगू लागले, आणि म्हातारपण हाच एक दीर्घ आजार होऊन निधी रिकामे होण्याची वेळ आली.

अर्थमंत्री लॉईड जॉर्ज हे १९०८ साली जर्मनीची व्यवस्था प्रत्यक्ष पाहून आले, आणि त्यांनी १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा मंजूर करून घेतला. आठवड्यास कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. म्हणजे चार पेन्सांत नऊ पेन्सांचा लाभ, असा त्याचा डांगोरा पिटण्यात आला. मात्र कारभार त्या जुन्या मंडळांच्या व विमा कंपन्यांनी काढलेल्या नव्या मंडळांच्या हाती राहिला, आणि सभासद घ्यावा की नाकारावा हा अधिकारही त्यांच्याकडेच ठेवला गेला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्या मंडळात कारकून व दुकानातील नोकर, त्याच्या तिजोरीत शिल्लक. ते सभासदांस दातांचे उपचारही देऊ लागले. ज्यात खाणकामगार, ते कसेबसे नियमापुरते देत राहिले. आणि ज्यांस प्रकृतीच्या कारणाने कोणतेच मंडळ घेईना, त्यांची पोस्टात निराळी खाती उघडण्यात आली. त्यांस आपल्याच खात्यात जमलेल्या रकमेपुरते साहाय्य मिळे; खाते संपले की साहाय्य संपले. म्हणजे विम्याची ज्यास सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्यालाच विमा नाही! कामगाराची पत्नी व मुले यांनाही हा कायदा औषधपाणी देत नव्हता, आणि क्षयाचा अपवाद सोडल्यास रुग्णालयातील उपचार त्यात नव्हतेच. ही व्यवस्था पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालली.

याच काळात वेल्समधील ट्रेडिगार या कोळशाच्या खाणींच्या गावी एक वेगळा प्रयोग चालू होता. तेथील कामगारांच्या वैद्यकीय साहाय्य मंडळाने मिळकतीच्या दर पौंडामागे तीन पेन्स घ्यावे आणि त्यातून पगारी डॉक्टर, दाई, गावचे रुग्णालय हे सर्व चालवावे. सभासदाचे सारे घर त्यात समाविष्ट असे, आणि गावातील बहुतेक कुटुंबे त्यात होती. सुप्रसिद्ध कादंबरीकार ए. जे. क्रोनिन हे तरुणपणी तेथे डॉक्टर होते. अॅन्यूरिन बेव्हन हा त्याच गावचा मुलगा. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून तो खाणीत उतरला, आणि पुढे गावच्या रुग्णालयाच्या समितीवर बसून त्याने या मंडळाचा कारभार जवळून पाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इंग्लंडचा आरोग्यमंत्री झाला. ५ जुलै १९४८ रोजी त्याने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा तिच्यात वयाची अट नव्हती, आजाराची अट नव्हती, वर्गणीची पावती दाखविण्याचेही कारण नव्हते. खर्च मुख्यतः सार्वजनिक करांतून. थोड्याच महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले होते व त्यात सुमारे नव्वद टक्के मते योजनेच्या विरुद्ध पडली होती. बेव्हनने मोठ्या तज्ज्ञांस खासगी व्यवसायाची मुभा देऊन व साध्या डॉक्टरांस सरकारी पगारी नोकर न करण्याची हमी देऊन वाट काढली.

पहिल्या वर्षी लोकांनी चष्म्यांसाठी व दातांच्या कवळ्यांसाठी एवढी गर्दी केली की अंदाजपत्रक कोलमडले. टीकाकारांस आयते कोलीत मिळाले. आमच्या मते मात्र ही उधळपट्टी नव्हती. चष्म्यावाचून व दातांवाचून किती माणसे मुकाट्याने दिवस काढीत होती, याची ती पहिली मोजदाद होती. कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरले तेव्हा १९५१ साली बेव्हनने मंत्रिपद सोडले. हा खर्च देशास बुडवील अशी ओरड वाढल्यामुळे सरकारने १९५३ साली गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला, आणि त्यातून निघाले ते सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध. पहिल्या पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाशी या सेवेच्या खर्चाचे प्रमाण पावणेचार टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर उतरले होते. बेरीज वाढली होती, प्रमाण घटले होते. नुसती बेरीज पाहून निकाल देऊ नये असे आम्ही वर्गात सांगत असू. हे उदाहरण तेव्हा हाती असते तर बरे झाले असते.

अमेरिकेची हकीकत सांगताना आमचा जीव जरा गुंततो, कारण तिची सुरुवात शिक्षकांपासून होते. टेक्सास प्रांतातील डॅलस शहरी बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन किंबॉल यांच्याकडे आला. हे गृहस्थ पूर्वी त्या शहराच्या शाळांचे मुख्य अधिकारी होते. रुग्णालयाच्या थकबाकीची वही पाहताना त्यांस तीत आपल्याच जुन्या शिक्षकांची नावे आढळली. त्यांनी १९२९ साली योजना आखली. प्रत्येक शिक्षकाने महिन्यास पन्नास सेंट द्यावे, आणि आजारी पडल्यास त्यास एकवीस दिवस रुग्णालयात ठेवून घ्यावे. अट एवढीच की चौघांतील तिघा शिक्षकांनी तरी सामील झाले पाहिजे. केवळ आजारी तेवढे आले तर निधी बुडेल, हे त्यांनी ओळखले होते. याच बीजातून ‘ब्लू क्रॉस’ ही संस्था देशभर पसरली. तिचा आरंभीचा नियम असा की, एका गावात तरुण असो वा वृद्ध, वर्गणी सर्वांस सारखी.

मग नफ्यासाठी धंदा करणाऱ्या विमा कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. त्यांनी कारखान्यांतील तरुण नोकरांस सांगितले की, तुम्ही क्वचित आजारी पडता. म्हाताऱ्यांचा भार तुम्ही का वाहावा? आमच्याकडे या, निम्म्यात काम होईल. तरुण गेले. मागे राहिलेल्यांत रोगी व वृद्ध अधिक, म्हणून ब्लू क्रॉसची वर्गणी वाढली. ती वाढली म्हणून आणखी तरुण गेले. शेवटी ब्लू क्रॉसलाही वय व आजार पाहून दर लावणे भाग पडले. गतसालच्या सभेतील सूचना ऐकताना आम्हांस अमेरिकेची आठवण झाली नाही, कारण तेव्हा ही हकीकत आम्ही वाचली नव्हती. वाचल्यावर मात्र रात्री बराच वेळ झोप आली नाही. साठ सालाच्या सुमारास त्या धनाढ्य देशातील निम्म्याच्या आसपास वृद्धांजवळ रुग्णालयाचा विमा नव्हता. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ साली सर्व राष्ट्रासाठी विम्याची योजना मांडली होती, ती डॉक्टरांच्या संघटनेने हाणून पाडली. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ योजनेच्या कायद्यावर सही केली. त्यासाठी ते ट्रुमन यांच्या गावी गेले, आणि पहिले कार्ड त्यांनी त्या वृद्ध माजी अध्यक्षांच्या हाती दिले.

येथे एक आडवाट घेतो. मेडिकेअरचा पैसा पाहिजे असेल तर काळ्या व गोऱ्या रोग्यांसाठी वेगळे कक्ष ठेवता येणार नाहीत, अशी अट होती. न्यायालये व चळवळी यांस जे वर्षानुवर्षे साधले नव्हते ते १९६६ साली काही महिन्यांत हजाराहून अधिक रुग्णालयांत घडले. खाटेला खाट लागली. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट नोंदविणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आता खर्चाचे आकडे. अमेरिका १९६० साली आपल्या राष्ट्रीय उत्पादनाचा सुमारे पाच टक्के भाग वैद्यकीय उपचारांवर खर्च करी. अलीकडे तो सतरा टक्क्यांच्या वर गेला आहे. जर्मनी सुमारे बारा टक्के. इंग्लंड, कॅनडा, जपान हे अकराच्या आसपास. एवढा अधिक खर्च करून अमेरिकन मनुष्य अधिक जगतो म्हणावे, तर तसेही नाही. जपानी मनुष्याचे सरासरी आयुर्मान त्याच्याहून सुमारे सहा वर्षांनी अधिक आहे. त्यात आहाराचा व राहणीचा वाटा आहे, हे खरे. परंतु तज्ज्ञ सांगतात की अमेरिकन लोक डॉक्टरकडे इतरांहून अधिक वेळा जातात असे नाही. तेथे त्याच शस्त्रक्रियेचे, त्याच औषधाचे मोलच अधिक आहे. शिवाय कोणास घ्यावे, कोणास वगळावे, कोणाचा दावा फेटाळावा, हे ठरविणाऱ्या कारकुनांचा पगारही रोग्याच्याच खिशातून जातो.

जपानची रीत आम्हांस फार आवडली. त्या देशाच्या दक्षिणेस मुनाकाता भागात गावकरी जुन्या काळापासून वैद्यास वर्षाचे तांदूळ देत. ऐपतीप्रमाणे घरटी तांदूळ जमवावयाचे, आणि वैद्याने आजारी कोण हे पाहावयाचे, घर कोणाचे हे नव्हे. आपल्याकडे सुताराला-लोहाराला बलुते मिळे, तशातलाच हा प्रकार. सरकारने १९३८ साली ग्रामीण आरोग्यविम्याचा कायदा केला त्यात हाच कित्ता पुढे ठेवला होता, आणि १९६१ साली सर्व जपानी प्रजा कोणत्या ना कोणत्या विम्याखाली आली. पुढे १९७३ साली सत्तरीवरील सर्वांस उपचार मोफत झाले. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर म्हाताऱ्यांचे संमेलन भरू लागले, आणि ‘आज अमक्या आजी दिसत नाहीत, आजारी आहेत की काय’ असा विनोद प्रचलित झाला. खर्च वाढला. तेथील सरकारने वृद्धांस वगळले नाही. १९८३ पासून त्यांच्यावर अल्पसा आकार बसविला, आणि त्यांचा उरलेला खर्च देशातील सर्व विमानिधींनी वाटून घ्यावा असे ठरविले. तांदळाचीच गोष्ट आली म्हणून सांगतो, आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालयानेही आसपासच्या खेड्यांसाठी सुगीच्या वेळी ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालविला आहे. जपानचे तांदूळ आणि वर्ध्याची ज्वारी. दोघांची एकमेकांशी गाठ नाही, पण हिशेब एकच.

स्वदेशाविषयी थोडक्यात लिहितो, कारण वाचकांस तो अनुभव आहे. सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४३ साली नेमलेल्या त्यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारास मुकू नये हे तत्त्व बेव्हनची सेवा सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे आपल्या देशात छापून निघाले. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही त्यातलीच. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला व १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथून त्याचा अंमल सुरू झाला. परंतु तो संघटित क्षेत्रापुरता. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चाचे शेकडा ३९ भाग लोकांनी आजारपणात आपल्या खिशातून दिले. २०१३-१४ साली हेच प्रमाण शेकडा ६४ होते. सुधारणा मोठी आहे. तथापि सरकारांचा सर्व मिळून खर्च राष्ट्रीय उत्पादनाच्या दोन टक्क्यांसही पोचला नव्हता.

खिशातून म्हणजे कोठून, हे आम्ही २०१६ साली पाहिले. आमच्या सौभाग्यवतीस रात्री एका मोठ्या खासगी रुग्णालयात नेले असता अनामत रक्कम भरल्याखेरीज दाखल करून घेण्यास नकार मिळाला. नंतर बांगड्या पतपेढीत तारण पडल्या. बिल दोन लाख ऐंशी हजारांचे झाले. मंडळाच्या निधीने नियमाप्रमाणे पंधरा हजार दिले, व ते घेताना खजिनदार या नात्याने पावतीवर आम्हीच सही केली. आमच्या निधीचे बळ किती, हे त्या पंधरा हजारांनी आम्हांस शिकविले. म्हणून त्या तरुणांचे एक म्हणणे आम्हांस मान्य आहे की, एका ज्ञातीच्या वर्गणीत मूत्रपिंड व हृदय यांचे उपचार पेलणारे नाहीत. ट्रेडिगारचे मंडळ उत्तम होते, पण तेही अखेर साऱ्या देशाच्या सेवेत विलीन झाले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२३ साली राज्यातील सर्व कुटुंबांस लागू करण्याचे ठरले, आणि सत्तर वर्षांवरील सर्वांस मिळकतीची अट न लावता केंद्राच्या आयुष्मान योजनेचा लाभ २९ ऑक्टोबर २०२४ पासून खुला झाला. देशाचे दार वृद्धांसाठी उघडत असता आपण आपले लावून घ्यावे काय, एवढेच आम्ही सभेत विचारणार आहोत. निधीने यापुढे शस्त्रक्रियेच्या बिलाऐवजी येण्याजाण्याचा खर्च, योजनेत न बसणारी औषधे आणि कागदपत्रे मिळवून देणारा एक पगारी मदतनीस यांवर पैसा घालावा, अशी दुसरी सूचना आम्ही लेखी देत आहोत.

तक्त्यातील त्या तिघांपैकी एक गृहस्थ छापखान्यात कंपोझिटर होते. छापखान्यात जेमतेम पाच माणसे, त्यामुळे कामगार विम्याचा कायदा तेथवर पोचला नाही. १९९९ साली निधी निघाला, तेव्हा त्याचे पहिले पावतीपुस्तक त्यांनी मजुरी न घेता जुळवून दिले. पुढे तेवीस वर्षे ते वर्गणी भरीत राहिले व एक पैही त्यांनी उचलली नाही. नंतर डायलिसिस सुरू झाले. आता त्यांचे उपचार सरकारी योजनेत होतात. यंदाच्या एप्रिलमध्ये ते दोन डायलिसिसांच्या मधल्या दिवशी कार्यालयात आले, वर्षाची वर्गणी सहाशे रुपये मोजून टेबलावर ठेवली, आणि पावतीवरील अक्षरे पुसट उठली आहेत, छापणाऱ्याला सांगा, असे म्हणून गेले.